वर्धेच्या पात्रातील सरहद्द
दोन तीरांवरील दोन कायद्यांचे मूळ १८०३ च्या तहात

विशेष प्रतिनिधी

रोहणा (जि. वर्धा) – आर्वी-पुलगाव मार्गावरील रोहण्यापासून पश्चिमेला काही किलोमीटर गेले की वर्धा नदी लागते. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा आणि नागपूर महसूल विभाग. पलीकडे अमरावती जिल्हा आणि अमरावती महसूल विभाग. काळी कसदार जमीन दोन्ही तीरांवर तीच, पऱ्हाटी आणि तूर तीच, बोलीही जवळपास तीच. सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्या नदी ओलांडून होत आल्या आहेत. तरीही पलीकडच्या मुलुखाला 'वऱ्हाड' म्हणण्याची रीत या भागात टिकून आहे. अलीकडच्या गावांत सरकारी कागदांवरील 'झुडपी जंगल' या नोंदीने घरकुलापासून शाळेच्या इमारतीपर्यंत अनेक कामे अडतात. पलीकडच्या गावांचा त्या नोंदीशी सहसा संबंध येत नाही. एकाच खोऱ्यातील शेजारी गावांच्या नशिबी दोन वेगळे कायदे कसे आले, याचे उत्तर शोधू लागले की थेट १८०३ सालापर्यंत मागे जावे लागते.

वर्धा नदी ही मुळात सरहद्द नव्हती, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. मोगलांच्या काळात वऱ्हाडचा सुभा नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला होता. 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारचा समावेश आहे, आणि पवनार तर वर्धा शहरालगत, म्हणजे नदीच्या बऱ्याच पूर्वेला. सुभ्याची पूर्वेकडील सीमा पार वैरागडपर्यंत सांगितलेली आढळते. आर्वीच्या उत्तरेला आष्टी येथे मोगल सरदार मुहम्मद खान नियाझी याची कबर आहे. त्याची जहागीरही वऱ्हाड सुभ्यातलीच. आर्वीसमोर पश्चिम तीरावर असलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि तेथील यात्रेला दोन्ही तीरांवरील भाविक जातात. नदी ही खोऱ्याची कड नव्हती, तर खोऱ्याचा मध्य होती.

एका गावाला दोन धनी

१७२४ मध्ये साखरखेर्डा येथील लढाईत विजय मिळवून निजामउल्मुल्काने दख्खनमध्ये आपली सत्ता स्थापन केली. वऱ्हाड नावापुरते त्याच्याकडे गेले. परंतु त्यानंतरच्या काळात नागपूरकर भोसल्यांनी तेथे चौथ, सरदेशमुखी आणि घासदाणा यांचे हक्क बसविले. परिणामी एकाच गावातून निजामाचा अंमलदार आणि भोसल्यांचा कमाविसदार असे दोघेही वसुली करीत. या व्यवस्थेला 'दोअमली' म्हणत. रयतेला ती अर्थातच जाचक होती. पण आजच्या अर्थाने दोन राज्यांमधील रेषा अशी काही त्या काळी नव्हती. दोन सत्ता एकाच भूमीवर एकावर एक पसरलेल्या होत्या. वाद व्हायचा तो वाट्याचा, हद्दीचा नव्हे.

हे चित्र बदलले ते दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाने. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या संयुक्त फौजांचा ऑर्थर वेलस्लीने पराभव केला. नोव्हेंबरअखेर अडगावच्या मैदानात भोसल्यांची फौज पुन्हा हरली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, अचलपूरजवळ देवगाव येथे दुसऱ्या रघूजींच्या वकिलाने तहावर सही केली. या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत इंग्रजांना दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या पायथ्याचे काही परगणे तेवढे त्यांच्याकडे राहिले. सोडलेला वऱ्हाड इंग्रजांनी १८०४ मध्ये आपला मित्र निजाम याच्या हवाली केला.

येथे वसाहतवादी राजकारणाची एक खास पद्धत दिसून येते. दूरवर बसलेल्या मुत्सद्द्याला जमीनदारीचे गुंतागुंतीचे हक्क, वतने, अर्धे-अर्धे वाटे यांत रस नसतो. त्याला हवी असते ती नकाशावर चटकन दाखविता येईल अशी रेषा. मैदानात नदी आणि डोंगराळ भागात पाणलोटाची कड, या दोन गोष्टी त्या कामी फार सोयीच्या. अफगाणिस्तानच्या बाजूला १८९३ मध्ये आखलेली ड्युरँड रेषा आणि सिमला परिषदेत १९१४ मध्ये ठरलेली मॅकमहोन रेषा या दोन्ही याच मनोवृत्तीतून आल्या. त्यांवरील वाद आजही धगधगत आहेत. वर्धेची रेषा त्यांच्या कितीतरी आधीची.

ही रेषा पक्की व्हायला मात्र आणखी १९ वर्षे लागली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि गाविलगड, नरनाळ्याकडील भोसल्यांचा उरलासुरला मुलूखही गेला. १८२२ च्या तहाने मेळघाट आणि त्याच्या पायथ्याचे परगणे निजामाला देण्यात आले. त्या बदल्यात वर्धेच्या पूर्वेकडील आपले परगणे निजामाने सोडले. वर्धा ही वऱ्हाडची पूर्व सीमा म्हणून निश्चित झाली ती या वेळी. निजामाच्या आणि भोसल्यांच्या राज्यांमधली ही सीमा ठरविताना निर्णय दोघांचाही नव्हता, तो कंपनी सरकारचा होता. नागपुरात त्या वेळी अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स हाच कारभार पाहत होता.

कर्ज, फौज आणि कापूस

पुढचा अध्याय कर्जाचा आहे. १८०० च्या तहानुसार युद्धप्रसंगी निजामाने इंग्रजांना ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडदळ पुरवायचे होते. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसण्याचे कलम त्यात नव्हते. तरीही रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळापासून अशी फौज उभी राहिली आणि तीच पुढे 'हैदराबाद कन्टिन्जन्ट' झाली. तिचा खर्च निजामाच्या खजिन्यातून. खजिना अपुरा पडू लागला तेव्हा हैदराबादेतील पामर आणि कंपनी या पेढीने जबर व्याजाने पैसे पुरविले. पेढी बुडाली, कर्ज मात्र वाढतच गेले. अखेर फौजेचे पगार कंपनी सरकारने दिले आणि ती रक्कम निजामाच्या नावे मांडली.

२१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या आग्रहावरून, रेसिडेंट कर्नल लो याच्या मध्यस्थीने, निजाम नासिरउद्दौला याला करार करावा लागला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडील जिल्हे फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे सोपविण्यात आले. 'सोपविण्यात' हा शब्द महत्त्वाचा. प्रदेश खालसा झाला नाही, सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. कारभार आणि वसुली तेवढी इंग्रजांकडे गेली. म्हणूनच सरकारी दप्तरात वऱ्हाडचे नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे पडले.

त्याच वर्षी, ११ डिसेंबर १८५३ रोजी, नागपुरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा करण्यात आले. म्हणजे अवघ्या वर्षभरात वर्धेच्या दोन्ही तीरांवर इंग्रजांचा अंमल सुरू झाला. आता ही सरहद्द पुसली जाईल असे कोणालाही वाटले असते. झाले उलटेच. पूर्व तीर इंग्रजांच्या मालकीचा, पश्चिम तीर इंग्रजांकडे गहाणासारखा. त्यामुळे दोन्हींसाठी कायदे वेगळे, वरिष्ठ वेगळे, जमाखर्चही वेगळा. पूर्वेकडचा कारभार १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे, तर पश्चिमेचा हैदराबादच्या रेसिडेंटकडे. १८६२ मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठा येथे होते. नंतर पालकवाडीच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर वसविण्यात आले.

हे सारे चालले होते त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता. वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस एकाएकी सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण या मुलुखाविषयी रूढ आहेच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुलगावजवळ वर्धा ओलांडली आणि १८६७ मध्ये नागपूर गाठले. कापसाच्या गाठी मुंबईकडे सुसाट निघाल्या. रेल्वेला सरहद्दीची अडचण कधी आली नाही, हे विशेष.

मालगुजार आणि खातेदार

सर्वांत खोल फरक पडला तो जमीन महसुलात, आणि आजच्या वाचकाला या जुन्या कथेत गोडी वाटावी ती याच कारणासाठी. पूर्व तीरावर, म्हणजे मध्य प्रांतात, १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने मालगुजारी पद्धत कायम केली. भोसल्यांच्या काळात गावाचा वसूल गोळा करून देणाऱ्या पाटलांना आणि मक्तेदारांना इंग्रजांनी गावाचे मालक ठरविले. गावाचा रान-माळ, तलाव, पडीत जमीन सारे मालगुजाराचे. कास्तकार हा त्याचे कूळ. कोणी मौरुसी, कोणी साधे कूळ, कोणी 'मालिक मकबुजा'. गुरे चारणे, जळण आणणे यांचे हक्क 'निस्तार' म्हणून वेगळ्या कागदात लिहिले गेले.

पश्चिम तीरावर वऱ्हाडात मात्र मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. तेथे सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये मालगुजार नव्हता. ज्याच्या नावे सर्व्हे नंबर तो खातेदार, आणि त्याचा सारा तीस वर्षांसाठी निश्चित. इजाऱ्याची आणि जहागिरीची गावे तेथेही होती, पण ती अपवादात्मक. थोडक्यात, रोहण्याच्या बाजूचा शेतकरी मालगुजाराच्या वाड्यावर जाई, तर समोरच्या तीरावरचा थेट तहसील कचेरीत. दोघांच्या वागण्या-बोलण्यातला, राजकारणातला आणि सावकारी कर्जातलाही काही फरक या एका गोष्टीने समजतो, असे म्हणण्यास जागा आहे. खातेदाराची जमीन विकता व गहाण टाकता येई. म्हणूनच ती सावकाराच्या घशातही लवकर जाई. वऱ्हाडच्या समृद्धीचे गोडवे गाताना ही बाजू सहसा विसरली जाते.

भाषेच्या बाबतीत मात्र इंग्रजांच्याच अभ्यासकाने निराळी साक्ष दिली. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी या बोली एकमेकींच्या अगदी जवळच्या म्हणून शेजारी-शेजारी मांडल्या आहेत.

निजामाचा दावा

इकडे हैदराबादचा दावा थांबला नव्हता. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला, त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले. कापसामुळे तेथील महसूल वाढत होता, पण कारभाराचा खर्चही त्याच वेगाने वाढविला जाई आणि निजामाच्या हाती शिल्लक फारशी पडत नसे. दिवाण सालारजंग यांनी १८६६ पासून वऱ्हाड परत मिळविण्यासाठी अर्जांमागून अर्ज केले. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. हाती काही लागले नाही.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने हा प्रश्न कायमचा मिटविण्याचे ठरविले. स्वतः हैदराबादेत जाऊन त्याने निजाम महबूब अली खान यांच्याशी बोलणी केली. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. हाँगकाँगच्या 'न्यू टेरिटरीज'साठी चीनशी १८९८ मध्ये झालेल्या पट्ट्याला निदान ९९ वर्षांची मुदत होती. येथे तीही नव्हती. निजामाला त्यानंतर जी.सी.बी. हा किताब मिळाला, तेव्हा या अक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार' असा होतो, अशी कोटी हैदराबादेत प्रसिद्ध झाली. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडण्यात आले.

जोडले, पण एकजीव केले नाही. वऱ्हाड कायद्याने परकीय प्रदेशच राहिला. विधिमंडळाने केलेले कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. ते वेगळ्या हुकमाने लागू करावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातून निवडून आलेल्या सदस्यांची नागपूरच्या कौन्सिलात कागदोपत्री 'नेमणूक' करावी लागे, कारण ते ब्रिटिश हिंदुस्थानचे मतदार ठरत नसत. वऱ्हाडचा पैसा मध्य प्रांतावर खर्च होतो, ही तक्रार तर अमरावती-अकोल्याच्या राजकारणाचा स्थायीभाव बनली. काँग्रेसनेही ही रेषा मान्य केली होती. १९२० नंतर तिच्या प्रांतिक समित्यांत नागपूरची समिती वेगळी आणि वऱ्हाडची वेगळी होती. त्या काळी 'विदर्भ' म्हणजे केवळ वऱ्हाड. दोन्ही मिळून बोलायचे तर 'नागविदर्भ' म्हणावे लागे.

२५ ऑक्टोबर १९२३ रोजी निजाम उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. त्या बदल्यात वऱ्हाडी जनतेला स्वतःची राज्यघटना आणि स्वायत्त कारभार देण्याची तयारीही दाखविली. ज्यांच्या मुलुखाचा हा सौदा, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. २७ मार्च १९२६ च्या प्रसिद्ध पत्राने रीडिंग यांनी निजामाचा दावा फेटाळला. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही, असा त्याचा आशय होता. संस्थानांच्या घटनात्मक इतिहासात हे पत्र आजही अभ्यासले जाते. त्याचे निमित्त वऱ्हाड होते, हे थोड्यांनाच माहीत असते.

शेवटचा करार २४ ऑक्टोबर १९३६ चा. निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, प्रांताचे नाव 'मध्य प्रांत व वऱ्हाड' झाले, निजामाच्या किताबात 'हैदराबाद व वऱ्हाड' आले आणि युवराज आझम जाह 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवू लागले. वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाबरोबर निजामाचेही निशाण लावण्याची मुभा मिळाली. कारभाराच्या दृष्टीने यातून एका पैचाही फरक पडला नाही.

जुलै १९४७ मध्ये हैदराबादच्या शिष्टमंडळाने दिल्लीत वऱ्हाडचा प्रश्न पुन्हा एकदा काढला. पण काळ पालटला होता. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराने वऱ्हाडच्या नेत्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चौकटीत महाविदर्भ हा उपप्रांत मागितला; त्यात निजामाला स्थान नव्हते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने तो दावाच संपविला. १९५० पासून दोन्ही तीर मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहेत.

रेषा पुसली, नोंद राहिली

राजकीय सरहद्द गेली. महसुली सरहद्द मात्र चिवट निघाली. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने दोन्ही तीरांसाठी प्रथमच एक कायदा आला. 'भूमिस्वामी' आणि 'भूमिधारी' हे शब्द विदर्भातील जुन्या कागदांत दिसतात ते या संहितेचे. परंतु मालगुजारांकडून सरकारजमा झालेल्या रान-माळाचे काय करायचे, हा प्रश्न फक्त पूर्व तीरावरच उद्भवला. त्यातील खुरट्या झुडपांची जमीन 'झुडपी जंगल' म्हणून नोंदविली गेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. वऱ्हाडचे जिल्हे या यादीत नाहीत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच असल्याचा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना संरक्षण देण्याचा मार्ग न्यायालयाने ठेवला असला, तरी त्यासाठी जुनी दप्तरे उघडून प्रत्येक जागेचा हिशेब द्यावा लागणार आहे. ज्या गावाची शाळा वा वस्ती अशा जमिनीवर उभी आहे, त्याला १८२२ ची रेषा आजही भोवते.

याउलट काही ठिकाणी नदी सहज ओलांडली गेली. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर वर्धा लोकसभा मतदारसंघात अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे विधानसभा मतदारसंघ आले. त्याआधी, १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ३ हजार ७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा त्यातील सहा जिल्हे होते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा. पूर्व तीरावरील एकट्या वर्ध्याला वऱ्हाडच्या पंगतीत बसविले ते कापसाने आणि कर्जाने. १८५३ मध्येही विषय हेच दोन होते.

नदीच्या खालच्या अंगाला तर या सरहद्दीचा एक तुकडा अजून पुरता विझलेला नाही. चंद्रपूरजवळ वढा येथे पैनगंगा मिळाल्यानंतर वर्धेचा उजवा तीर थेट निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथील राजुरा तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्याला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मात्र निजामाच्या या जिल्ह्याची फाळणी करताना डोंगरातली नेमकी हद्द वादात राहिली. बेळगावचा वाद मुंबई इलाख्याच्या वारशातून आला, महाजन आयोगापर्यंत गेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो सर्वांना ठाऊक असतो. राजुऱ्यातून पुढे वेगळ्या झालेल्या जिवती तालुक्यातील १४ गावांची मात्र क्वचितच आठवण होते. महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये त्यांवर हक्क सांगत आली. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला तेव्हा त्यांपैकी महाराजगुडा या गावातील एक घर देशभर चर्चेत आले. त्या घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात, काही तेलंगणात. आणि घरमालक कर भरत होता दोन्हीकडे.